वाढवलेला मुक्काम

११ ऑक्टोबर
स्टेशनच्या वेटिंग रूममधून

प्रिय ताई,

शाळेत शिकवलेलं 'पत्रास कारण की' लिहायला घेतलं आणि तिथेच अडले, कारण कारणच नाही. तुझी गाडी सुटली, माझी यायला अजून अवकाश आहे आणि समोरच्या बाकावर एक गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपलेत. त्यांची वरची कवळी सैल आहे. माझ्याकडे करून घेतली असती तर अशी हलली नसती. बघ, जंगलातून बाहेर पडले नाही तोवर डोळे पुन्हा धंद्याला लागले.

अंगावरची धूळ अजून गेलेली नाही. नाक शिंकरलं तर रुमाल तांबडा होतो. सकाळची ती हत्तीण काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही. पिल्लाला पायांत घेऊन आपल्याकडे बघत उभी होती, आपल्या ड्रायव्हरमामाने इंजिन बंद केलं आणि कुजबुजला, "आता कोणी हलू नका." आणि तुला नेमकी तेव्हाच शिंक आली. मला वाटलं आता आपलं काही खरं नाही. पण तिने नुसते कान हलवले आणि वाट धरली. मामा नंतर म्हणाला, "तुमच्या ताईंना वॉर्डात पण असंच शिंकायची सवय आहे का?" मी एवढी कधी हसले होते आठवत नाही.

पण मला विचारशील तर सगळ्यात चांगला गेला तो वाढवलेला दिवस. सामान बांधून झालं होतं, जीप यायची होती, आणि तू पाण्याच्या टाकीकडून येऊन म्हणालीस, "आणखी एक दिवस राहू या गं, पुन्हा अशा कधी भेटणार आपण?" आणि तिकिटं बदलायला स्वतः ऑफिसात गेलीस. मी तंबूत जाऊन थोडी रडले. तुला सांगितलं नाही. लहानपणापासून मी तुझ्या मागे शेपटासारखी आणि तू 'घरी जा' म्हणणारी. 'राहा' म्हणालीस ती ही पहिलीच वेळ.

एक विचारू? त्या पाण्याच्या टाकीपाशीच काय ती फोनला रेंज, हे खरं, पण तू एवढा वेळ कुणाशी बोलायचीस? परत यायचीस ती डोळे लाल करून. भाऊजींशी काही बिनसलंय का? मी तिथे विचारलं नाही, कारण तू लगेच नर्सचा चेहरा करतेस आणि मग तुझ्याकडून काही निघत नाही. सांगावंसं वाटलं तर लिही. फोनवर आपण 'जेवलीस का'च्या पुढे कधी जातच नाही.

आईशी मात्र एकदाही बोलणं झालं नाही. कधीही फोन करा, दादा म्हणतो झोपलीय. आपल्या आईला, जिने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला फोन लावून काढली, तिला फोनवर यायचा कंटाळा? दादाच्या हातचं जेवून झोपेल नाहीतर काय करेल बिचारी. तो तिला वेळेवर कुशीवर वळवतो की नाही, पाठीला हवा लागते की नाही, याच काळजीत आहे. तिचं खुब्याचं हाड मोडल्यापासून मी पहिल्यांदाच घर सोडलं. पण खरं सांगू, बरं वाटलं. तू आणि दादाने मला ढकलून पाठवलंत ते बरं केलंत.

गाडीची घोषणा झाली. घरी पोचले की पेटीत टाकते.

तुझी
धाकटी


१३ ऑक्टोबर

ताई,

आधीचं पत्र फाडणार होते. मग म्हटलं, टाकावं. मी येताना कशी होते ते तुला कळू दे.

आज पत्रास कारण आहे.

दार दादाने उघडलं. मी बॅग टाकली आणि सरळ आईच्या खोलीत गेले. खोलीत पलंग नव्हता. तो होता त्या जागी फरशीचा उजळ चौकोन आणि चार पायांचे ठसे. खिडकी सताड उघडी, औषधांचं टेबल पुसून स्वच्छ. मला वाटलं आई गेली. ताई, शपथेवर सांगते, मला वाटलं ती गेली आणि कुणी मला कळवलं नाही. मी भिंतीला धरून खाली बसले.

दादा चहाचा कप घेऊन मागे उभा. म्हणाला, "घाबरू नकोस, आई छान आहे. आपण तिला निवासात ठेवलंय."

"निवासात म्हणजे?"

"अगं, तिथे नर्स असतात, लिफ्ट असते, बाग आहे."

"वृद्धाश्रम म्हण ना. तोंडात येत नाही का शब्द?"

तो स्वयंपाकघरात कप ओट्यावर ठेवायला गेला, मी मागोमाग. जगाला गाडी चालवायला शिकवतो, पण स्वतःला वळण घ्यायची वेळ आली की ह्याचा पाय ब्रेकवर. मी विचारलं, "आपण म्हणजे कोण?" तो म्हणाला, "आपण सगळ्यांनी." मी म्हटलं, "मी तर जंगलात होते. ताईला माहीत होतं?" त्यावर तो नळाकडे बघायला लागला. नळ गळत नव्हता.

मी त्याला घराबाहेर काढलं. चहा तसाच ओट्यावर होता, साय धरलेला.

तुझे फोन येतायत. मी घेणार नाही. तुझा आवाज ऐकला तर मी विरघळेन, आणि मला आत्ता विरघळायचं नाहीये. काय ते लिहून सांग. तुला माहीत होतं का? कधीपासून?

धाकटी


१९ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

तुझी दोन्ही पत्रं एकदमच आली. आधीचं नंतर वाचलं, आणि नको वाचायला होतं असं झालं.

हो, मला माहीत होतं. पण आधीपासून नाही. तिथे पोचल्यावर दादाने फोनवर सांगितलं. टाकीपाशी मी त्याच्याशीच भांडत होते. तोवर सगळं ठरून गेलं होतं, आणि तुला सांगून तुझी सहल नासवण्यात अर्थ नव्हता. भाऊजींचा ह्यात काही संबंध नाही, ते बरे आहेत.

तू रागावशील तरी लिहिते. मी रोज वॉर्डात बघते, अशा पेशंटला एकटं माणूस किती दिवस उचलणार? गेल्या वर्षी तुझी कंबर धरली तेव्हा तू आठवडाभर सरळ उभी राहत नव्हतीस, तरी आईला न्हाऊ घालणं सोडलं नाहीस. दादाने एकदा जेवताना नुसता विषय काढला, तर तू त्याला भरल्या ताटावरून उठवलंस आणि दिवाळखोर काय, करंटा काय, नाही नाही ते बोललीस. त्यानंतर तुझ्याशी ह्या विषयावर बोलायची कुणाची छाती होती? तुला समोर ठेवून हे कधी झालंच नसतं.

तिथल्या मुख्य नर्सशी मी स्वतः बोलले आहे. पाठीला एकही जखम नाही. ती मला म्हणाली, "घरी कुणी केलं ह्यांचं? इतक्या वर्षांची अंथरुणाला खिळलेली बाई आणि त्वचा बाळासारखी." मी म्हटलं, माझ्या बहिणीने.

मुक्काम मी वाढवला तो तुझ्यासाठीच. त्यात दुसरं काही शोधू नकोस.

जेवत जा.

ताई


२४ ऑक्टोबर

ताई,

तुझ्यापेक्षा दादा बरा. तो खोटं बोलताना निदान नळाकडे बघतो. तू मान वर करून लिहितेस.

काल लिफ्टची वाट बघत उभी होते. वॉचमन म्हणाला, "आता चालते ताई, मोटर बदलली. तुमच्या आईंना न्यायचं त्या दिवशी बरोब्बर बंद पडली होती. माणसं स्ट्रेचर घेऊन आली, जिन्याच्या वळणात ते वळेना. मग दुसऱ्या दिवशी नेलं." मी दिवस विचारला. तो सांगायच्या आधीच मला कळला होता.

म्हणजे लिफ्ट बंद पडली म्हणून तू माझ्याबरोबर एक दिवस राहिलीस. मोटर धड असती तर मी त्याच दिवशी गाडीत असते. त्या दुपारी आपण दोघी झाडाखाली आडव्या होतो, तू माझ्या केसांतली कुसळं काढत होतीस, आणि मी तुला पहिल्यांदा त्या डेंटिस्टबद्दल सांगितलं, जो मला दुसऱ्या शहरात येऊन त्याची लॅब सांभाळ म्हणत होता. आणखीही काही म्हणत होता. मी ते आजवर कुणाला बोलले नव्हते. तू ऐकलंस, मान हलवलीस आणि टाकीकडे गेलीस. आई खाली पोचली का ते विचारायला. एवढं तरी मला आधी कळतं, तर मी तोंड मिटून घेतलं असतं.

आणि 'तिथे पोचल्यावर कळलं' म्हणू नकोस. आईच्या कपाटातून काय काय नेलंय ते मी बघितलं. ट्रान्झिस्टर, निळी शाल, बारीक दात्यांचा कंगवा, मोठ्या अक्षरांची पत्त्यांची जोडी. मी आणलेलं गरम पांघरूण नाही नेलं, जे तिला कधी आवडलं नाही. दादाला कपाटाची किल्ली कुठे असते हेही ठाऊक नाही. तू बसून सांगितल्याशिवाय त्याने नेमक्या ह्याच वस्तू नेल्या?

मी आईला बघून आले. दादा बरोबर होता, नको म्हटलं तरी आला. आई पडून होती, भिंतीकडे तोंड करून. माझा हात धरला आणि म्हणाली, "कशी झाली गं सहल?" बस, एवढंच. एरवी अखंड बोलणारी बाई. दादासमोर बोलायची चोरी झाली असणार. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "आई, तुला घरी घेऊन जाते." तिने डोळे मिटले. किती सुटल्यासारखं वाटलं असेल तिला.

आईचा पलंग दादाच्या घरून परत आणलाय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी ॲम्ब्युलन्स सांगितली आहे. लिफ्ट आता छान चालते. तुम्हा दोघांपैकी कुणी मधे आलात, तर मला बहीणही नाही आणि भाऊही नाही.

धाकटी


२७ ऑक्टोबर

दातवाले,

मी पत्रं लिहिणारा माणूस नाही हे तुला माहीत आहे. पण तू दार उघडत नाहीस म्हणून वॉचमनजवळ देतो.

शनिवारच्या आधी ताईला विचार. नीट विचार. मी शब्द दिलाय म्हणून मला बोलता येत नाही. मी तिलाही सांगितलंय, की आता पुरे, सगळं सांगून टाक, मी आणखी शिव्या खाणार नाही. खाल्ल्या त्या बऱ्याच खाल्ल्या.

मी करंटा असेन. पण इतका नाही.

दादा


२८ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

दादाचा फोन आला. तो रडला. त्याला रडताना मी बाबा गेले तेव्हाच काय ते पाहिलं होतं.

मी खोटं लिहिलं. मला उन्हाळ्यापासून माहीत होतं. पण हे दादाने ठरवलं नाही आणि मीही नाही. आईने ठरवलं.

मी उन्हाळ्यात आले होते, तू कवळ्या पोचवायला दवाखान्यांत गेली होतीस. आईने दादाला बोलावून घेतलं, दार लावायला सांगितलं आणि आम्हाला म्हणाली, "मला इथून हलवा." आम्हाला वाटलं तिचं तुझ्याशी काही वाजलं. ती म्हणाली, "नाही. पण ती दारात उभी असेल तर माझ्याच्याने निघवणार नाही. तिला कुठेतरी लांब न्या, जिथून तिला पटकन परत येता येणार नाही." जंगलाची कल्पनाही तिचीच. कपाटातल्या वस्तू तिने स्वतः सांगून काढायला लावल्या. फोनवर आली नाही, कारण तुझा आवाज ऐकला तर सगळं सांगून टाकीन म्हणाली. आणि आम्हा दोघांकडून शब्द घेतला की तुला हे कधी कळू द्यायचं नाही. "तिने तुमच्यावर रागवावं, ते तिला सोसेल," असं म्हणाली.

ती तुझ्यासाठी गेली, धाकटे. तुझं आयुष्य तुला परत मिळावं म्हणून. तेव्हाच ती मला म्हणाली होती, "धाकटीचं कुठे काही जमत असेल तर ते माझ्यामुळे अडायला नको." त्या डेंटिस्टबद्दल तू झाडाखाली बोललीस तेव्हा मला वाटलं, आईने बरोबर केलं. टाकीकडे मी रडायला गेले होते. फोनही केला, ते नाकारत नाही.

आणि हो, मुक्काम लिफ्टमुळे वाढला. त्यापुढे मी काय लिहू?

आईवर रागावू नकोस. तिच्याएवढं कुणी तुझ्यासाठी केलं नसेल.

ताई


९ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र शनिवारच्या आधी मिळालं होतं. तरी ॲम्ब्युलन्स रद्द केली नाही. तुझ्या शब्दावर आता मी दुधाचा हिशेबही मानणार नाही, तर एवढी मोठी गोष्ट कशी मानू? म्हटलं, आईच्या तोंडून ऐकते, मग बघू.

शनिवारी ॲम्ब्युलन्स घेऊन न सांगता गेले. खोलीत पलंग रिकामा. पुढे हॉलमध्ये गेले तर आई चाकाच्या खुर्चीत, निळी शाल, केस बारीक कंगव्याने चापून बसवलेले, आणि समोर तीन बायका. पत्ते चालले होते. आई एकीला म्हणत होती, "बदाम लपवून ठेवता आणि वर तोंड करून विचारता कुणाची उतारी." आणि चौघी हसत होत्या. तो आवाज मी घरात किती वर्षांत ऐकला नव्हता, ताई. मी दारात उभी राहून आधी ऐकत राहिले. मग तिने मला बघितलं आणि पत्ते उपडे ठेवले.

त्या बायका शहाण्या. खुर्च्या सरकवून बाहेर गेल्या.

मी म्हटलं, "ताईने सगळं लिहिलंय. तू माझ्यासाठी आलीस म्हणे इथे."

आईने उपडे पत्ते बोटांनी सारखे केले. मग म्हणाली, "तिला मीच तसं सांगितलं. ऐकायला बरं वाटतं ना."

"म्हणजे खरं नाही?"

"थोडं आहे. पण तुझ्यासाठी म्हणून मी एवढं केलं नसतं गं. मी तेवढी मोठ्या मनाची नाही." तिने शालीचं टोक चाचपलं. "मला कंटाळा आला होता."

"माझा?"

"तू दिवसभर मागच्या खोलीत. तुझं ते यंत्र घूं घूं करत असायचं. मधेच यायचीस, कूस बदलायचीस, गोळी द्यायचीस, खिडकी लावायचीस, जायचीस. मी काही बोलायला लागले की म्हणायचीस, आई, दमशील. मी दमत नव्हते. मी आयुष्यभर माणसांची बोलणी जोडून दिली आणि मला दिवसातून चार वाक्यं बोलायला मिळत नव्हती. तू माझं सगळं केलंस. एवढं केलंस की मला तोंड उघडायला जागा ठेवली नाहीस."

मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू काम सोडून माझ्याजवळ येऊन बसली असतीस. घड्याळाकडे बघत. ते मला नको होतं."

ताई, ती चुकीचं बोलली असं मला म्हणता येत नाही, हेच मला सोसत नाही. मी खरंच बसले असते. घड्याळाकडे बघत.

मी विचारलं, "मागच्या वेळी मी घरी नेते म्हटलं तर डोळे का मिटलेस?" म्हणाली, "तुझं तोंड बघून धीर झाला नाही. त्या दिवशी दादाने तुम्ही येताय असं आधी कळवलं, म्हणून मी पत्ते टाकून नर्सला मला पलंगावर आडवं करायला लावलं होतं." वर्षानुवर्षं मी जिला कुशीवर वळवलं, ती माझ्यासाठी आजारी असल्याचं सोंग घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"राग आलाय?" तिने विचारलं.

"आलाय."

"येऊ दे. पण लगेच माफ करून पुन्हा माझी सेवा करायला येऊ नकोस. राग गेला की ये. गप्पा मारायला ये."

बाहेरून एकीने डोकावून विचारलं, "पान टाकायचं का पुढे?" आई म्हणाली, "या या. ही माझी धाकटी. दात करते. तुमची ती खालची कवळी हिला दाखवा एकदा." त्या बाईंनी खरंच काढून हातावर ठेवली. मी बघितली. डावीकडे उंच झाली होती, म्हणून त्यांना टोचत होती. दोन दिवसांत घासून देते म्हटलं. दुसरं मला काय सुचणार होतं?

आता तुझ्याबद्दल. दादाकडे मी उद्या जाणार आहे. त्याने शब्द पाळला, शिव्या खाल्ल्या आणि एक अक्षर खोटं लिहिलं नाही. तू शब्द पाळलास हे मला कळतं. आईने तुला लपवायला सांगितलं होतं. पण 'मुक्काम तुझ्यासाठीच वाढवला' हे लिहायला आईने सांगितलं नव्हतं. ते तू मनाचं लिहिलंस, कारण तुला माहीत होतं मी कशाला भुलते. त्याला मी अजून काय म्हणू ते ठरवलेलं नाही. तोवर लिहू नकोस. मीच लिहीन.

डेंटिस्टला फोन केला नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला मोकळं केलंत म्हणून मी लगेच उडेन, असं होणार नाही. जायचं असेल तर मी माझी जाईन.

आईकडून खाली आले तर ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर मागचं दार उघडून, स्ट्रेचरवर धुतलेली चादर घालून तयार. म्हणाला, "पेशंट कुठाय?"

"येणार नाही म्हणाली."

"मग?"

"मग मला सोडा घरी."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाला, "बाई, पडायचं असेल तर मागे पडा. चेहरा बरा दिसत नाही तुमचा."

मी मागचं दार लावलं आणि पुढे त्याच्या शेजारी जाऊन बसले.

धाकटी